सहीचा रकाना

शाळेतली मुलं तिला तारीखबाई म्हणायची. तिलाही ते ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती. शेवटच्या वर्षाच्या एकशे चाळीस मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना ते वर्ष पार करून देणं हे समुपदेशक म्हणून तिचं काम. कुठला अर्ज कधी, कुठल्या कॉलेजला किती टक्के लागतात, कुणाच्या घरात अभ्यासाला जागा नाही, कुणाच्या आईवडिलांचं आपसात पटत नाही, हे सगळं तिच्या फायलींत असायचं. दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेला लागून तिची अरुंद खोली होती. तीन खुर्च्या मांडल्या की दार अर्धंच उघडायचं.

त्या सोमवारी मधल्या सुट्टीत त्या अर्ध्या दारातून बारकी आत आली. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून लहानपणी बारकी, आणि आता आईच्या डोक्यावरून उंच गेली तरी बारकीच. हुशार, कमी बोलणारी. पुढे रसायनशास्त्रच शिकायचं हे तिचं दोन वर्षांपूर्वीच ठरलेलं.

तिने एक फॉर्म टेबलावर ठेवला. प्रत्येकाने वर्षभरात एक प्रकल्प करायचा, त्याचे वीस मार्क, आणि प्रकल्पासोबत हा फॉर्म द्यायचा. 'हे काम माझं स्वतःचं आहे,' एवढंच एक वाक्य, खाली विद्यार्थ्याची सही आणि त्याखाली साक्षीदार म्हणून समुपदेशकाची. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत सगळे प्रकल्प परीक्षा कार्यालयात पोचायचे होते.

"सही राहिलीय तुझी," तारीखबाई म्हणाली.

"राहिली नाही. केली नाही." बारकी उभीच होती. "बाई, सही केली नाही तर काय होतं?"

"प्रकल्प धरत नाहीत. वीसपैकी शून्य."

"आणि खोटी केली तर?"

तारीखबाईने हातातलं पेन खाली ठेवलं. "दार लाव आणि बस."

बारकीच्या घरामागून कालवा वाहायचा. त्याचं पाणी किती गढूळ आहे हे सात आठवडे रोज मोजायचं आणि घरी बनवलेल्या वाळूच्या गाळणीतून गेल्यावर किती निवळतं ते पाहायचं, असा तिचा प्रकल्प होता. मोजायची रीत साधी. तळाशी काळी फुली काढलेली लांब काचेची नळी घ्यायची, पाणी ओतत जायचं, आणि वरून बघताना फुली दिसेनाशी झाली की थांबून पाण्याची उंची लिहायची. पाणी गढूळ असलं की फुली लवकर बुडते. एकोणपन्नास दिवसांच्या एकोणपन्नास नोंदी.

"त्यातल्या सतरा माझ्या नाहीत," बारकी म्हणाली. "मला कावीळ झाली होती तेव्हाच्या. बाबांनी घेतल्या. मी झोपूनच होते. ते सकाळी नळी घेऊन कालव्यावर जायचे, येऊन माझ्या वहीत लिहायचे. माझ्यासारखं अक्षर काढायचे. बरी झाल्यावर मी ते सगळं शाईने गिरवलं. तेव्हा काही वाटलं नाही. आता हे वाक्य वाचल्यापासून माझा हात उठत नाहीये."

"घरी सांगितलंस?"

"आईला सांगितलं. ती म्हणाली, बाबांना दुखवू नकोस."

तारीखबाईने तिला वर्गात पाठवलं आणि कपाटातून तिची फाईल काढली. कावीळ कधी झाली ती तारीख बघायची होती. ती सापडली, तिच्याच अक्षरात: 'आईशी फोनवर बोलले. कावीळ. विश्रांती घ्यायला सांगितलं.' खाली काहीच नव्हतं.

आजारी मुलाला प्रकल्पासाठी वाढीव मुदत मिळते. डॉक्टरांची चिठ्ठी लावून पंधरा दिवसांच्या आत अर्ज करायचा, बस. हे तिने घरच्यांना सांगायचं असतं. त्या आठवड्यात तिने इतर चार मुलांचे असे अर्ज भरले होते. या घराला तिने विश्रांती घ्यायला सांगितलं होतं आणि फोन ठेवला होता.

बुधवारी तिने बारकीच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. आई दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करायची. ती अर्धा तास सुट्टी काढून आली होती आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. वडील पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मेकॅनिक होते. ते ड्यूटीवरून तसेच आले होते, बाहीवर ग्रीसचा डाग, हात मात्र कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेले. बारकी दाराला टेकून उभी राहिली.

तारीखबाईने गोष्ट सरळ मांडली. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम," ते म्हणाले, "वर्षाच्या सुरुवातीला खाली हॉलमध्ये सभा घेतली होती तुम्ही. मी पहिल्या रांगेत होतो. काय म्हणाला होतात? मुलांना एकटं सोडू नका, त्यांच्या कामात त्यांच्याबरोबर बसा. म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते."

"मग मी बसलो. पोरगी पिवळी पडलेली, घोटभर पाणी पोटात ठरत नव्हतं, आणि तशात उठून कालव्यावर जाते म्हणत होती. बाप म्हणून मी काय करायला हवं होतं? तिला उन्हात पाठवायला हवं होतं? नळी तीच, कालवा तोच. पाण्याला काय कळतंय आकडा कुणी वाचला ते."

"पाण्याला कळत नाही. पण फॉर्मवर बारकीचं नाव आहे."

"तर करेल की ती सही. शंभर पोरं करतात. कुणाचा मामा करून देतो, कुणी विकत आणतं. त्यांच्या घरी झोपा लागतात सगळ्यांना." त्यांनी मुलीकडे वळून पाहिलं. "आणि हिला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचंय."

बारकी खाली बघत राहिली. आई हळूच म्हणाली, "अहो, तिला ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये." त्यांचा आवाज खरंच चढलेला नव्हता, पण गुडघ्यावरची बोटं पांढरी पडली होती. "मी स्वतः हे वर्ष दोनदा दिलं, मॅडम. दोनदा नापास. माझ्या घरात सांगायला कुणी नव्हतं. त्या वेळी शपथ घेतली होती, माझ्या पोरांचं असं होऊ द्यायचं नाही. आणि आता तुम्ही म्हणता, मी चोरी केली."

"मी चोरी म्हटलं नाही." तारीखबाई म्हणाली. आता बोललं नाही तर पुन्हा बोलणं जमणार नाही, हे तिला कळत होतं. "चूक आधी माझ्याकडून झाली. बारकी आजारी पडली तेव्हा वाढीव मुदत मागता आली असती. तुम्हाला ते सांगायचं काम माझं होतं. मी फोन केला होता आणि सांगायला विसरले."

शेजारच्या प्रयोगशाळेत कुणीतरी नळ सोडून ठेवला होता, त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे," आई म्हणाली, "यांना हे काही करावंच लागलं नसतं?"

"नसतं."

वडील उठले. खुर्ची मागे सरकवायला जागा नव्हती, म्हणून त्यांना आडवं होऊन बाहेर पडावं लागलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "तुमच्या विसरण्याचं काही होणार नाही, मॅडम. भोगायचं हिनेच."

ते खरंच होतं, म्हणून तारीखबाईला जास्त लागलं.

त्याच दुपारी ती मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते," त्या म्हणाल्या. "पोरगी गुणी आहे. सतरा नोंदींनी जग बुडणार नाहीये. तू साक्षीदाराची सही केली नाहीस तर मी दुसऱ्या कुणाची घेईन."

"बारकी स्वतःचीच करत नाहीये."

"करेल. आईबाप समजावतील."

"आणि मी परीक्षा कार्यालयाला माझी चूक लिहून कळवते आहे. नियमाप्रमाणे काय करता येईल ते विचारते."

"तुझ्या सेवापुस्तकात शेरा पडेल."

"पडू दे."

मोठ्या बाईंनी चष्मा परत लावला. "पत्र मला दाखवून पाठव. शाळेचं नाव त्यात कमीत कमी वेळा येऊ दे."

उत्तर गुरुवारी संध्याकाळी शाळा सुटताना आलं. मुदत वाढणार नव्हती. पण विद्यार्थिनीने स्वतः घेतलेल्या किमान तीस नोंदी असतील तर प्रकल्प स्वीकारता येईल. बाकीच्या नोंदी खोडून टाकायच्या, आणि त्या ज्याने घेतल्या त्याने तसं लिहून सही करून द्यायचं. तारीखबाईने मनातल्या मनात वजाबाकी केली. एकोणपन्नासातून सतरा गेले, बत्तीस उरले. दोनने निभावलं. तिने उत्तराची प्रत बारकीच्या हाती दिली आणि तिथे कॉरिडॉरमध्येच तिच्या घरी फोन लावला.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता बारकीने निरोप आणला की बाबा सही करणार नाहीत. रात्री जेवले नाहीत, सकाळी कुणाशी न बोलता ड्यूटीवर गेले. आईने हात टेकले होते.

"काय म्हणाले?"

"काहीच नाही म्हणाले. कागद वाचला, घडी केली आणि परत दिला."

अकरा वाजले. तारीखबाईने दोन पालकांच्या भेटी पुढे ढकलल्या, मोठ्या बाईंना सांगितलं आणि बारकीला घेऊन बस पकडली. बारकीच्या मांडीवर दप्तर होतं, दप्तरात वही. एका चौकात बस सात-आठ मिनिटं अडकली तेव्हा बारकीने तिचं मनगट धरून घड्याळ बघितलं आणि सोडून दिलं.

पंपघर गावाच्या कडेला, कालव्याच्या वरच्या अंगाला होतं. फाटकावर नावं लिहून दोघी आत गेल्या. आत आवाज एवढा होता की तो कानांपेक्षा पायांना आधी जाणवायचा. पाच पंपांपैकी एक उघडून ठेवला होता आणि वडील त्याच्यापाशी उकिडवे बसून बेअरिंग पुसत होते. मुलीला बघून त्यांचे हात थांबले. त्यांनी खुणेने दोघींना शेजारच्या बोळात नेलं आणि मागचं दार लोटलं. आवाज निम्म्याने कमी झाला.

"इथे कशाला आणलंत तिला? परीक्षा तोंडावर आलीय."

"तीनपर्यंत कागद पोचला तर मार्क आहेत," तारीखबाई म्हणाली. "तुमच्यावर कसलीही कारवाई नाही. मी विचारून घेतलंय."

"कारवाईला कोण घाबरतंय?"

"मग अडलंय कुठे?"

ते हातातलं फडकं पिळत होते.

"बाबा," बारकी म्हणाली. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघितलं असावं. "तुम्ही केलंत ते मला नकोय असं नाही. मी पडले होते आणि तुम्ही रोज सकाळी जात होतात, मी खिडकीतून बघायचे. पण त्या वहीत माझं किती आणि तुमचं किती, तेवढं मला नीट माहीत हवं. उद्या कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे."

"नीट माहीत हवं," ते स्वतःशीच म्हणाले. मग भिंतीकडे बघून बोलले, "सतरा नाहीयेत. एकवीस आहेत."

बारकीला काही कळेना.

"तू बरी होतीस तेव्हाच्याही चार. आजारी पडण्याआधीचा आठवडा. तू लिहिलं होतंस नऊ, अकरा, असं काहीतरी. आदल्या दिवशी तीस, दुसऱ्या दिवशी नऊ. मला वाटलं, पोरगी चुकली. अंगात तेव्हाच कसर होती तुझ्या, नीट दिसलं नसेल. परीक्षक हसतील. तू झोपल्यावर मी पेन्सिलीचं खोडलं आणि एकोणतीस, तीस असं करून ठेवलं." त्यांनी फडकं खिशात कोंबलं. "म्हणून सही करत नव्हतो. सतराची केली तर ती खोटी. एकवीसची केली तर तू अडकतेस. एकोणपन्नासातून एकवीस गेले की अठ्ठावीस. त्यांना तीस हवेत. मला वजाबाकी येते."

साडेबारा होऊन गेले होते. इतका वेळ ती या माणसाला हट्टी समजत होती.

बारकीचा चेहरा लाल झाला होता. "माझं खोडलंत तुम्ही? मी चुकले असं मला विचारलंतसुद्धा नाही?"

"नाही विचारलं."

"मी नव्हते चुकले. मी तीनतीनदा मोजलं होतं त्या दिवशी. मलाही ते विचित्र वाटलं होतं. शाईने गिरवताना मी आकडे बघितलेच नाहीत." ती खाली बसली, दप्तर उघडलं आणि आतून एक चुरगळलेली, कडा पाण्याने फुगलेली वही काढली. कालव्यावर उभं राहून ती आधी कच्च्या वहीत लिहायची आणि संध्याकाळी चांगल्या वहीत उतरवायची. पानं एकमेकांना चिकटली होती. "हे बघा. नऊ. इथेच खाली लिहिलंय, पुन्हा मोजलं, नऊ. आणि हे अकरा. साडेबारा. सोळा."

वडिलांनी ती वही हातात घेतली, बाहीला ग्रीस आहे हे लक्षात येऊन बोटांच्या टोकांनी धरली. तारखा वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग बोळाच्या टोकाच्या दारातून आत गेले. ती पंपघराची पाणी तपासायची खोली होती. पंपघर त्याच कालव्यातून पाणी उचलायचं आणि तिथे रोज त्याचा गढूळपणा मोजून मोठ्या नोंदवहीत लिहिला जायचा. मेकॅनिक लोकांचा तिच्याशी संबंध येत नसे.

ते परत आले तेव्हा नोंदवही त्यांच्या दोन्ही हातांत उघडी होती आणि मागोमाग ती खोली सांभाळणारी बाई कुरकुरत येत होती, की ही बाहेर न्यायची नसते. त्यांनी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"कालव्याचे वरचे दरवाजे उघडले होते," ते म्हणाले. "गाळ काढायला. चार दिवस. बरोबर हेच चार दिवस. मी त्या आठवड्यात दुसऱ्या पंपघरावर होतो, मला पत्ताच नाही." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, मग पुढच्या. आकडे वेगळ्या मापातले होते, पण उडी कुणालाही दिसावी अशी होती. "इथल्या मशीनलाही तेच दिसलं जे हिला दिसलं."

थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले, "आणि मी ते पुसलं."

बारकी रडत होती. राग अजून गेला नव्हता, हे तिच्या हनुवटीवरून कळत होतं. वडिलांनी हात पुढे केला, तिच्या खांद्यापर्यंत नेला आणि ग्रीसचा विचार करून मागे घेतला.

तारीखबाईला मात्र वेळ दिसत होता. "कच्ची वही जोडता येईल," ती म्हणाली. "या चार नोंदी हिने घेतल्यात, हे तिच्याच अक्षरात, त्याच दिवशीचं आहे. मूळ आकडे परत लिहायचे आणि कुणी बदलले ते तुम्ही लिहून द्यायचं. मग हिचे बत्तीसच राहतात. ते मान्य करतील का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण लपवायला काही उरणार नाही."

"सांगा, काय लिहू?"

"जे झालं ते."

त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर उभ्याने लिहिलं. शब्द शोधायला त्यांना वेळ लागत होता. एकदा त्यांनी 'मदत केली' लिहिलं, थांबले, खोडलं आणि 'माझ्या मनाने बदलले' असं लिहिलं. शेजारी बारकी पट्टी धरून सतरा ओळींवर एकेक रेघ मारत होती आणि प्रत्येकीपुढे 'वडिलांनी घेतली' असं लिहीत होती. चार ठिकाणी तिने आपले आकडे परत घातले. मग फॉर्मवरचं ते वाक्य तिने पुन्हा वाचलं, त्याच्याखाली 'खोडलेल्या नोंदी सोडून' असं जोडलं आणि सही केली. तारीखबाईने खाली आपली केली.

नोंदवही सांभाळणारी बाई आता कुरकुरत नव्हती. त्या चार दिवसांचं पान तिने स्वतःहून झेरॉक्स करून दिलं.

परतीची बस वेळेवर नव्हती. वडिलांनी मुकादमाला विचारून पंपघराची गाडी काढली, आणि त्या तिघांनी परीक्षा कार्यालयाच्या खिडकीवर पाकीट दिलं तेव्हा तीनला अकरा मिनिटं होती. खिडकीतल्या माणसाने न बघताच शिक्का मारला.

निकालापर्यंतचे दोन महिने बरे गेले नाहीत. बारकी वडिलांशी कामापुरतंच बोलायची. आई एकदा शाळेत येऊन तारीखबाईपाशी रडून गेली, की दोघं जेवायला शेजारी बसतात पण बघतात भिंतीकडे. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी बारकीला सगळ्यात जास्त वेळ त्या चार दिवसांबद्दलच विचारलं. तिने दरवाजे, गाळ, कच्ची वही, सगळं सांगितलं. वडिलांनी काय केलं हेही सांगितलं. परीक्षकांनी ते लिहून घेतलं. तारीखबाईच्या सेवापुस्तकात शेरा पडला. तो वाचून तिने सही केली आणि वाढीव मुदतीच्या नियमाची पत्रकं छापून एकशे चाळीस घरी पाठवली, उशीर झाला होता तरी.

प्रकल्पाला तेरा मार्क मिळाले. पहिल्या पसंतीचं कॉलेज दोन मार्कांनी गेलं.

निकालाच्या दिवशी तारीखबाई जिना उतरत असताना बारकी खालच्या पायरीवर बसलेली दिसली. ती तिच्या शेजारी बसली.

"वाईट वाटतंय," बारकी म्हणाली. "खूप वाटतंय. सही करून टाकली असती तर मिळालं असतं, असं सकाळपासून दहा वेळा मनात आलं."

"येणारच."

"तुम्ही म्हणणार नाही का, की बरं केलंस म्हणून?"

"तुला ऐकायचंय का?"

बारकीने विचार केला. "आज नको."

वरून खालून मुलं जात होती, कुणी फोनवर ओरडून मार्क सांगत होतं.

"बाबांनी काल दुसऱ्या कॉलेजची माहिती आणली," बारकी म्हणाली. "तिथली प्रयोगशाळा चांगली आहे म्हणे. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मी वाचलेली नाही, तू वाच आणि तुला काय वाटतं ते सांग."

"मग वाचलीस?"

"वाचतेय."

फाटकाशी तिची आई उभी होती, दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच. वडील जरा लांब, गाडीला टेकून. बारकी उठली, मागून स्कर्ट झटकला आणि त्यांच्याकडे चालू लागली.